देवाघरचा पत्ता

मोठ्या माणसाला मरणाची बातमी सांगताना आपण 'गेले', 'वारले' असं म्हणतो. लहान मुलाला सांगायची वेळ आली की आवाज खाली येतो आणि आपण म्हणतो, 'देवाघरी गेली.' यात मुलाची समजूत निघते की सांगणाऱ्याची सुटका होते, हे मला कधीच नीट ठरवता आलेलं नाही. मकरंद माने यांच्या 'रिंगण' या चित्रपटातला अभिमन्यू हे वाक्य जसंच्या तसं घेतो. आई देवाच्या घरी गेली असेल तर त्या घराला गाव असणार आणि गावाला रस्ता असणार. देवाचं घर पंढरपुरात आहे हे त्याला माहीत आहे. तेव्हा तिथं जायचं आणि आईला भेटायचं. अख्ख्या चित्रपटाचं कथानक असं एका वाक्प्रचारावर उभं आहे. भाषांतराचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला याहून मोठं आमिष आणि याहून मोठी अडचण दुसरी नाही.

'रिंगण'ला २०१५ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला आणि २०१७ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. माने यांचा हा पहिलाच चित्रपट. मोठा तारा नाही, डोळे दिपवणारा खर्च नाही. शशांक शेंडे आणि साहिल जोशी हे बाप-लेक, कोरडी शिवारं, रस्ते, आणि मग पंढरपूर. बापाचं नाव अर्जुन. दुष्काळ आहे, कर्ज आहे, जमीन हातची जायच्या बेतात आहे, बायको वारलेली आहे. मुलाचं नाव अभिमन्यू ठेवल्यावर चक्रव्यूह कोणता हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच्या शेजारी मला एक चिनी चित्रपट ठेवायचा आहे. ली रुइजुन हा गान्सू प्रांतातल्या गाओताइचा दिग्दर्शक. त्याच्या 'रिटर्न टु डस्ट'मुळे (२०२२) त्याचं नाव आपल्याकडच्या महोत्सवांना जाणाऱ्या प्रेक्षकांना माहीत झालं. त्याच्या आधी, २०१४ मध्ये, त्यानं 'रिव्हर रोड' केला. युगुर नावाच्या लहानशा पशुपालक समाजातले दोन भाऊ. थोरला आजोबांजवळ वाढलेला. आईबापांनी आपल्याला देऊन टाकलं आणि धाकट्याला ठेवून घेतलं, ही सल मनात धरून बसलेला. आईबाप गुरं घेऊन दूरच्या कुरणावर. आजोबा वारतात, शाळेला सुट्टी लागते, आणि न्यायला येणारा बाप येत नाही. तेव्हा दोघं भाऊ दोन उंटांवर बसून आटलेल्या नदीच्या पात्राकडेनं बापाला शोधायला निघतात. नदी धरून गेलं की गवत लागतं आणि गवत लागलं की घर लागतं, एवढीच त्यांच्याजवळची शिदोरी.

गेल्या थंडीत मी हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रविवारी आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये दाखवले. जुनवानी हे मूळचं गाव. भिलाई वाढत वाढत त्याच्यापर्यंत आलं, शेतांच्या जागी कॉलेजं आणि वसाहती उभ्या राहिल्या, गावाचं नाव तेवढं टिकलं. प्रेक्षक वीसेक. छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळी आणि आम्ही दोन-तीन मराठी घरं. सर्वांची मिळून भाषा हिंदी. 'रिंगण'च्या वेळी जिथं अडेल तिथं मी मोठ्यानं हिंदीत सांगायचं, असं ठरलं होतं. या लेखातलं बरंचसं त्या सांगण्यातून, आणि जिथं सांगता आलं नाही त्या जागांमधून निघालं आहे.

पहिली अडचण पहिल्याच वाक्याला आली. 'भगवान के घर गई' असं मी म्हटलं आणि ते सगळ्यांना कळलंही. हिंदीत तसं म्हणतातच. पण त्या घराचा पत्ता पंढरपूर आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. वैकुंठ, कैलास, स्वर्ग ही घरं वर असतात. विठोबाचं घर मात्र सोलापूर जिल्ह्यात आहे, तिथं एसटी जाते. अभिमन्यूचा गैरसमज भाबडा वाटत नाही याचं कारण हे आहे. ज्या परंपरेत तो वाढला तिनं देवाला खरोखरच एका गावात, एका विटेवर आणून उभं केलेलं आहे. मुलगा फक्त त्या परंपरेवर विश्वास ठेवतो.

आणि ती वीट तरी कशामुळे आली? पुंडलिक आईबापांची सेवा करत होता. देव दाराशी आला तेव्हा उठायला सवड नव्हती, म्हणून त्यानं वीट पुढं सारली आणि देवाला थांबायला सांगितलं. पंढरपूर हे गाव वसलं ते मुलगा आईबापांच्या जवळ होता म्हणून. त्याच गावात एक मुलगा आई शोधत फिरतो, आणि बाप त्याच्या बरोबर आहे, तरी तो त्याला दिसत नाही. चित्रपट पुंडलिकाची आठवण मुद्दाम करून देवो न देवो, त्या गावाच्या जमिनीतच ती आहे.

आता दोन्ही चित्रपटांतला फरक बघा. चिनी चित्रपटात मुलं बापाला शोधतात. मराठी चित्रपटात मुलगा आईला शोधतो आणि बाप शेजारून चालतो. हा फरक दोन दिग्दर्शकांपुरता नाही. आपल्या चित्रपटांतल्या मुलाला बाप शोधायची सवयच नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट 'श्यामची आई' (१९५३), आणि तिथून ही रेघ सुरू होते. 'श्वास'मध्ये (२००४) नातवाचा हात आजोबांच्या हातात आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये (२०१४) वडील वारलेले आहेत आणि मुलगा बदलीच्या गावी आईबरोबर राहायला शिकतो. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या 'नाळ'मध्ये (२०१८) चैत्याला आपण दत्तक आहोत हे कळतं, तेव्हा त्याचा जीव अडकतो तो जन्म देणाऱ्या आईत. जन्म देणारा बाप कोण, हा प्रश्न त्याला छळत नाही. अभिजीत वारंग यांच्या 'पिकासो'मध्ये (२०२१) कोकणातला एक मुलगा दशावतारात काम करणाऱ्या बापाला गाठायला जातो. हा सन्माननीय अपवाद. बाकी आपला पडद्यावरचा बाप एक तर भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीत असतो, नाही तर ओसरीवर गप्प बसलेला.

'रिंगण'चं मोठेपण असं की तो ही सवय मोडत नाही, ती वापरून घेतो. मुलगा आईच शोधतो. पण त्याच्या शोधाच्या पाठीमागे आपण, प्रेक्षक, बापाकडे बघायला लागतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येची छाया असलेले चित्रपट मराठीत झाले आहेत. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) त्यातला महत्त्वाचा. तो पाहिलेल्या प्रेक्षकाला अर्जुनसारखा माणूस दिसला की धास्ती वाटतेच. पोराला पत्ता हवा आहे आईचा आणि आपला जीव टांगणीला लागतो बापासाठी. हाही गेला तर याला पुन्हा तेच वाक्य सांगितलं जाईल, 'देवाघरी गेले.' म्हणजे जी व्यक्ती हरवली आहे तिला मुलगा शोधतो आणि जी हरवण्याच्या बेतात आहे तिला धरून चालतो. आपण धरून चाललो आहोत हे त्याला ठाऊकही नाही. शेंडे यांनी हा बाप फार कमी बोलून उभा केला आहे. त्याच्या चालण्यात ओझं आहे, पण मुलानं वळून पाहिलं की ते ओझं क्षणभर लपवण्याची धडपडही आहे. चित्रपटातली उत्तम अभिनयाची जागा मला हीच वाटते.

दुसरी अडचण 'माउली' या शब्दाची. मी 'माँ' म्हणून मोकळी झाले आणि लगेच लक्षात आलं की सगळं निसटलं. मराठीत ज्ञानेश्वर माउली आहेत, विठ्ठल विठाई आहे. पंढरपूरच्या गर्दीत अनोळखी माणसाला बाजूला सरकायला सांगायचं तर, बाई असो की मिशाळ गडी, 'माउली, जरा सरका' असंच म्हणतात. आई शोधायला आलेल्या पोराला अशा गावात सोडलं की काय होईल? प्रत्येक जण इथं आई आहे, फक्त त्याची आई नाही. हे हिंदीत एका वाक्यात कसं सांगायचं?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या दीदी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या छत्तीसगढीच बोलतात. त्यांनी विचारलं, 'भगवान ह महतारी कइसे होही?' छत्तीसगढीत आई म्हणजे दाई, महतारी. बाप म्हणजे ददा. या राज्यालाही 'छत्तीसगढ महतारी' म्हणतात, पण ती भूमी आहे, तिला आई म्हणण्यात नवल नाही. कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष महतारी कसा? चित्रपट चालू होता, मी तुटक तुटक सांगितलं की आमच्याकडे ज्याला माया आहे त्याला आई म्हणतात, तो पुरुष असला तरी. त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'त ददा ह दाई बनगे.' म्हणजे मग बापच आई झाला की.

'रिंगण'वर मी जे वाचलं आहे त्यात एवढी नेमकी समीक्षा मला सापडली नाही. मुलाला आई सापडते की नाही हे मी इथं सांगणार नाही. पण चित्रपट कुठल्या दिशेनं निघाला आहे ते दीदींना कळलं होतं. पुरुषाला आई म्हणण्याची सात शतकांची सवय असलेल्या भाषेतच हा चित्रपट होऊ शकला. बापाला आईच्या जागी बसवायला त्याला वेगळी युक्ती करावी लागली नाही. शब्द आधीपासून तयार होता.

नावाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. पालखीच्या वाटेवर रिंगण होतं तेव्हा वारकरी कडं करून उभे राहतात आणि मधून अश्व धावतो. ज्ञानेश्वरांच्या पालखीत स्वारी नसलेला माउलींचा अश्व असतो. त्याच्यावर माउली आहेत असं मानतात. ज्याच्यासाठी एवढी गर्दी जमली तो दिसत नाही, पण सगळे त्याच्याभोवती उभे असतात. आई नसलेल्या घराचं याहून चांगलं चित्र मला सुचत नाही. बाप आणि मुलगा एका रिकाम्या जागेभोवती फिरतात आणि फिरता फिरता एकमेकांना दिसतात.

'रिव्हर रोड'ची आकृती याच्या उलट आहे. तिथं वर्तुळ नाही, रेघ आहे. नदी जाते तसं जायचं. चिनी मला येत नाही, पण मूळ नावाचा अर्थ मी समजून घेतला: 'जिथं पाणी आणि गवत भरपूर, तिथं घर.' इंग्रजी नावात नदी उरली, रस्ता आला आणि घर गेलं. भाषांतर करणाऱ्यांकडून असं होतं, मी दोष देत नाही. पण इथं गेलेला शब्द हाच चित्रपटाचा विषय आहे. त्या मुलांच्या आजोबांच्या भाषेत घर म्हणजे भिंती नव्हेत, चरायला मिळेल ती जागा. आता गवत नाही, पाणी नाही, म्हणजे त्या व्याख्येप्रमाणे घरही नाही. वाटेत ओसाड वस्त्या लागतात. पात्र असतं, पाणी नसतं.

भाषेचंही तसंच. युगुर लोक जेमतेम चौदा हजार आणि त्यांच्या भाषा दोन, एक तुर्की कुळातली आणि एक मंगोल कुळातली. एकाच समाजाच्या दोन भाषा हे आमच्या भागातल्या वाचकाला विचित्र वाटणार नाही. इथून जवळच राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. त्यांनी हिंदीत लिहिलं. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत. घर एक, भाऊ दोन, वाटा दोन. ली रुइजुनच्या चित्रपटातले भाऊही असेच वेगवेगळ्या घरांत वाढलेले आहेत आणि त्यांना एकत्र आणतो तो समोर नसलेला बाप.

उणिवा दोन्हीकडे आहेत. ली रुइजुनचा कॅमेरा वाळवंटाच्या इतका प्रेमात आहे की कधी कधी तहानलेली मुलं विसरायला होतात आणि उरतं ते सुंदर चित्र. थोरला आणि धाकटा यांचं भांडणही फार आखीव वाटतं. एक परंपरेच्या बाजूचा, एक शहराच्या, असे जणू वाटून दिलेले. 'रिंगण'मध्ये संकटांची रांग लांबते आणि काही ठिकाणी संगीत आपल्या आधी रडून घेतं. बाप-लेकाचा अबोला इतका बोलका असताना पाठीमागून सुरांची गरज नव्हती. हे दोष मी लपवत नाही, कारण चित्रपट त्यांच्यासकट टिकतात.

तिसरी अडचण भाषेची नव्हती. 'रिव्हर रोड'मध्ये शेवटी बाप सापडतो. कुरण सापडत नाही. बाप नदीच्या पाण्यात उभा राहून रेतीतून सोनं चाळत असतो आणि पुढं कारखान्यांची धुराडी दिसतात. मुलं बापाबरोबर तिकडं चालू लागतात. समीक्षा लिहायची म्हणून मी वहीत टिपून ठेवलं होतं: शेवट, विनाश, घराचा अंत. जगभरच्या प्रेक्षकाला तो शेवट असाच दिसत असणार आणि दिग्दर्शकालाही तेच म्हणायचं असणार.

त्या रविवारी हॉलमध्ये मात्र धुराडी दिसल्याबरोबर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आनंदानं ओरडला, 'अरे, ये तो अपना प्लांट है!' सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला पुढचं काही दिसेना.

माझे बाबा वर्ध्याकडून इथं आले आणि कोक ओव्हनला लागले. भिलाईतल्या मुलांसाठी बाप त्या चिमण्यांच्या खाली असायचा. ए शिफ्ट असली की आम्ही उठायच्या आत तो गेलेला, बी शिफ्टला आम्ही झोपल्यावर येणारा, नाईट असली की दिवसभर पडदे ओढून झोपलेला. सापडण्याजोगा बाप कधी नव्हता, पण तो कुठं आहे हे नेहमी माहीत असायचं; गच्चीवर गेलं की धूर दिसायचा. मी आठ वर्षांची असताना आई वारली. मलाही तेच वाक्य सांगितलं गेलं. मी पत्ता विचारला नाही. मराठी घर असूनही आमच्याकडे पंढरपूरला कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून असेल.

त्यानंतर बाबांनी जमेल तितक्या वेळा शिफ्ट बदलून घेतल्या, शाळेच्या वेळेला घरी असता यावं म्हणून. वेणी घालायला ते शेजारच्या काकूंकडून शिकले. फार घट्ट घालायचे, डोळे ताणले जायचे, आणि मी कुरकुर करायची की आई अशी घालत नव्हती. तेव्हा मी आईच शोधत होते. हे मला चाळिशी उलटल्यावर, एका मराठी चित्रपटाचं हिंदीत भाषांतर करताना, छत्तीसगढी बोलणाऱ्या बाईनं सांगावं लागलं.

ली रुइजुनचा शेवट मी चुकीचा ठरवत नाही. त्याच्या मुलांसाठी त्या धुराड्यांच्या जागी गवत होतं, आणि इथंही प्लांट येण्याआधी गावं होती, शेतं होती, त्यांचा हिशेब कुणी तरी मांडायलाच हवा. पण पडद्यावर धुराडी दिसली की घर संपलं, असं आता मला लिहिता येत नाही. वहीतली ती ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली त्या मुलाचं वाक्य लिहून ठेवलं आहे. दोन्ही खरी आहेत, आणि 'रिव्हर रोड' त्या दोन्हींना पुरून उरतो.

दीदींना मी नंतर विचारलं, दोन्हींतला कुठला आवडला. त्या म्हणाल्या, उंटवाला. का, तर त्यात बाप शेवटी पाण्यात उभा होता, त्याचे पाय तरी थंड असतील.